दोघांनी बांधायची विमानं

जळोची, बारामती
७ मार्च १९९३

प्रिय मानसिंग,
जय भीम.

घर झालं. स्लॅब, फरशी, खिडक्या सगळं झालं, बाहेरून रंग तेवढा राहिलाय. मेघना शिकवते त्या शाळेपासून जरा लांब पडतं आणि रात्री उसात कोल्हे ओरडतात म्हणून लेक दिशा घाबरते, पण मला जागा पसंत आहे. पूर्वेच्या अंगाला एक लहान खोली काढलीय. मेघनाला तिथं कोठीघर हवं होतं. मी म्हणालो, कोठी कुठंही होईल, ही विमानांची. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की गवंडीच खाली मान घालून कामाला लागला.

पलंगाखालची, माळ्यावरची, सासुरवाडीला ठेवलेली, सगळी खोकी आणून एका भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत लावली. गवंड्यानं विचारलं, ह्यात काय आहे? म्हणालो, विमानं. प्लास्टिकचे सुटे भाग असतात, घासून जोडून रंगवले की वीतभर विमान होतं, अगदी खऱ्यासारखं. तो म्हणाला, मग जोडत का नाही? त्याला काय सांगणार. हंटर तीन निघाले, मानसिंग. तिसरा कधी घेतला मला आठवत नाही. मेव्हण्यानं मस्कतहून आणलेली जहाजं वेगळीच.

मेघनाचंही गवंड्यासारखंच. म्हणते, वीस वर्षं एअरफोर्समध्ये खरी विमानं पुसलीत, आता ही एक तरी बांधा. पण ते माझ्या एकट्याचं काम नाही हे तुला ठाऊक आहे. रंग आणि पाण्यात भिजवून चिकटवायचे शिक्के माझे, कापणं, घासणं आणि सांधा बसवणं तुझं. जोधपूरला बिलेटमध्ये, आपल्या बराकीत, खाटेवर बसून आपण तो कॅनबेरा केला, त्याच्या पंखाचा सांधा वॉरंट ऑफिसरनं नख फिरवून शोधला आणि त्याला सापडला नाही. तसा हात मला नाही. मी मध्ये एकदा एकटाच नॅट उघडून बसलो होतो, पहिल्याच कापात चाकाचा दांडा तुटला. ते खोकं बंद करून मागं सरकवलं.

सुताराकडून खिडकीपाशी टेबल करून घेतलंय, दोघांना समोरासमोर बसता येईल एवढं रुंद. बुद्धपौर्णिमेला घरात वंदना ठेवली आहे. मुक्कामाला ये. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरुवात करू. कुठल्या विमानानं करायची ते तू ठरव.

तुझा
रवी


इंदापूर
२१ मार्च १९९३

प्रिय रवी,
जय भीम.

तुझं पत्र दुकानात आलं तेव्हा मी जळक्या मोटरींच्या राशीत बसलो होतो. उजनीचं पाणी खाली गेलं की शेतकरी मोटर रात्रंदिवस पळवतात, त्यात व्होल्टेज नसतं, मग वाइंडिंग जळतं. माझं दुकान त्यांच्या जळण्यावर चालतं. तांब्याची तार गुंडाळताना मी तुझं पत्र समोर उघडून ठेवलं होतं. टेबलाची रुंदी लिहिली नाहीस.

माझीही खोकी वाढलीत. फौजेतल्या पत्र्याच्या ट्रंका त्यांनीच भरल्या, माझे कपडे दोरीवर असतात. धाकटी बहीण नकोशी त्यावर बोलत नाही काही. नवऱ्यानं टाकून दिल्यापासून ती माझ्याकडंच आहे आणि हल्ली साक्षरता वर्गाला जाते. दुकानाची पाटी वाचते, 'मोटर'पर्यंत नीट जाते, 'रिवाइंडिंग'ला अडते.

मागच्या महिन्यात पुण्याला एका विंग कमांडरांच्या पत्नीकडं गेलो होतो. साहेब वारले, त्यांची न बांधलेली विमानं द्यायची होती. कपाटं भरून होती. बाई म्हणाल्या, निवृत्त झाल्यावर बांधणार होते, त्याच वर्षी गेले. मी एक डाकोटा घेतला आणि निघालो. बसमध्ये खोकं मांडीवर होतं. वाटलं, आपण दोघांनी आता लवकर बसायला पाहिजे.

येतो. डाकोटाच घेऊन येतो. वहिनींना सांग, मला मुक्कामाला उशी लागत नाही.

मानसिंग


जळोची
१६ मे १९९३

प्रिय मानसिंग,
जय भीम.

वंदनेला आलास, बरं वाटलं. पण मनात राहिलंय ते लिहितो.

तू खोलीत गेलास आणि बराच वेळ खोक्यांपुढं उभा राहिलास, हात पँटच्या खिशात. मी म्हणालो, काढ एखादं, बघ. तू नुसती मान हलवलीस. चहा आला, नको म्हणालास. पंगत बसली तेव्हा म्हणालास पोट बिघडलंय, आणि जंक्शन गावावरून जाणारी बस चुकेल. पाणीसुद्धा न घेता गेलास. डाकोटा दारामागच्या कोपऱ्यात ठेवून गेलास, ते मला संध्याकाळी दिसलं.

मेघनानं तुझं ताट झाकून ठेवलं होतं. म्हणाली, बस चुकली तर परत येतील. रात्री ते दिशानं खाल्लं. मेघना तेव्हापासून जरा गप्प आहे. मी तिला म्हणालो, पोटाचं काय सांगता येतं. खरंच पोट होतं ना?

डाकोटाला हात लावला नाही. दिवाळीला चार दिवस काढून ये.

रवी


इंदापूर
२ ऑगस्ट १९९३

प्रिय रवी,
जय भीम.

पोटच होतं. आता बरं आहे. वहिनींनी मनावर घेऊ नये. दुकानात काम फार आहे, दिवाळीचं नक्की सांगता येत नाही. पार्सलनं एक मिग पाठवतोय, पुण्याला कॅम्पातल्या दुकानात मिळाला. मीही माझ्यासाठी घेतला.

मानसिंग


जळोची
४ डिसेंबर १९९४

मानसिंग,
जय भीम.

मागच्या दिवाळीला तू आला नाहीस, या दिवाळीलाही नाही. दिशा दहावी पास झाली म्हणून कळवलं तर तुझं कार्ड आलं चार ओळींचं. अक्षर मुंगीएवढं, शेवटी दिशालाच वाचायला लावलं. आम्हाला लिहायचं तर तुला शाईसुद्धा जड झाली.

गेल्या शनिवारी, वंदनेला आलेला आमच्या बँकेतला एकजण म्हणाला, तुमचे फौजेतले मित्र तारेच्या दुकानात दिसले. म्हणजे तू बारामतीत येऊन गेलास. स्टँडवरून माझं घर किती लांब आहे?

मेघना पहिल्याच दिवशी बोलली होती. तू गेल्यावर भांडी आवरताना म्हणाली, "तुमच्या मित्राला आपल्या घरचा चहा चालला नाही." मी तिच्याशी भांडलो. म्हणालो, आम्ही एका ताटात जेवलोय, मला ताप आला तेव्हा त्यानं माझी उलटी काढलीय. ती म्हणाली, "ते बिलेट होतं. हे घर आहे. तिथं त्याचे भाऊबंद बघायला नव्हते." तेव्हापासून दीड वर्ष मी तिला खोटं पाडायला बघतोय आणि तू मला एक संधी देत नाहीस.

माझे वडील साहेबराव गावच्या हॉटेलाबाहेर फळीवर ठेवलेला कानतुटका कप स्वतः विसळून चहा प्यायचे. मी आठ वर्षांचा असताना आमच्या लोकांनी धम्म घेतला. त्यानंतर त्यांनी त्या हॉटेलाची पायरी पाहिली नाही आणि चहाच सोडला. हे मी तुला जोधपूरला सांगितलं होतं आणि तू रडला होतास. म्हणून तुला विचारतोय, दुसऱ्या कुणाला विचारलं नसतं. तसं असेल तर स्पष्ट लिही. नसेल तर ये आणि एक कप चहा पी. विमानं बांधायला येऊ नकोस, चहा प्यायला ये.

रवी


इंदापूर
१ जानेवारी १९९५

प्रिय रवी,
जय भीम.

पत्र मिळालं. मी येऊ शकत नाही. तुला जे वाटतं ते वाटू दे. विमानं तू बांध. जमेल तुला.

मानसिंग


जळोची
१९ ऑगस्ट १९९६

मानसिंगभाऊजींना,
मेघनाचा नमस्कार.

परवा तुमच्या दारातून निघताना तुम्ही मला शपथ घातलीत की यांना काही सांगायचं नाही. मी हो म्हणाले. घरी आल्यापासून ती शपथ मला पेलवत नाही, म्हणून आधी तुम्हालाच लिहिते.

तुम्ही आतून बाहेर येण्याआधी काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी मला इंदापूरला यावं लागलं. दुपारची सुट्टी झाली तशी मी तुमचं दुकान शोधत निघाले. भेटायला नाही, तुम्हाला चार शब्द सुनवायला. तीन वर्षं ते शब्द जपून ठेवले होते. दुकानाचं शटर गंजलेलं. शेजारच्यानं घर दाखवलं. नकोशीताईंनी मला ओळखलं नाही. पाणी दिलं, चहा ठेवला. मी मुद्दाम विचारलं, आम्ही बौद्ध आहोत, तुम्ही आमच्या घरी आलात तर चहा घ्याल का? त्या हसल्या. म्हणाल्या, "का न्हाय? आमच्यापेक्षा साखर जास्त घालत असाल तर दोनदा घेईन."

मग तुम्ही आलात, भिंत धरून. तुमचा चेहरा इतका थिजलेला होता की मला वाटलं, रागात आहात. नकोशीताईंनी तुमचा कप तुमच्या ओठांशी धरला. त्यांनी ते इतक्या सवयीनं केलं, की मला बसल्या जागी सगळं कळलं.

भाऊजी, ते वाक्य माझं होतं. मीच यांच्या कानात घातलं. आता हे घरात तुमचं नाव काढू देत नाहीत. समाजमंदिरात कुणी माणसांवर विश्वास ठेवायची गोष्ट काढली की हे तुमची गोष्ट सांगतात, वीस वर्षं एका ताटात जेवलेल्या मित्राची. लोक माना हलवतात. तेवढ्यापुरतं यांना बरं वाटतं, मग रात्रभर झोप नसते. आणि सगळं खोटं आहे हे फक्त मला माहीत. मला सांगायची मोकळीक द्या.

मेघना


इंदापूर
१ सप्टेंबर १९९६

मेघनावहिनी,
जय भीम.

मी सांगतोय, नकोशी लिहून घेतेय. तिचं अक्षर नवीन आहे, सांभाळून घ्या.

वंदनेच्या आधी महिनाभर उजव्या हाताला सुरू झालं होतं. वाइंडिंग करताना तार सुटायची. मला वाटलं दमलोय. तुमच्याकडं आलो, रवीनं ते टेबल दाखवलं आणि तेवढ्यात तुम्ही कपबशांचा ट्रे घेऊन आलात. मला कळलं की बशी हातात घेतली की ती सगळ्यांसमोर वाजणार. त्याच्या टेबलापाशी उभं राहून मला ती वाजवायची नव्हती. पुढं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, कंपवात आहे, वाढत जाईल, गोळीनं थोडा वेळ थांबेल.

रवीचं ते पत्र आलं तेव्हा खरं लिहायला बसलो होतो. मग वाटलं, हा इतकी वर्षं माझ्या हाताची वाट बघतोय. हात गेला म्हणून कळवलं की त्याच्या खोलीतली सगळी खोकी त्या क्षणी भंगार होतील. त्यापेक्षा माझ्यावर रागावू दे, रागाच्या भरात एकटा बसेल आणि बांधेल. मी एवढाच विचार केला. त्यानं जातीचं लिहिलं होतं, पण ते त्याला किती खोल लागेल हे मला दिसलंच नाही, वहिनी. तुम्हाला पहिल्या नजरेत जे वाटलं ते वाटण्यासारखंच होतं. कारण तुम्ही तसले कप पाहिलेत. मला जन्मात कधी त्याचा विचार करावा लागला नाही.

पण आता सांगू नका. आता तो माझी कीव करेल. त्यापेक्षा राग बरा.

मानसिंग

वहिनी ह्या खाली मी माझं लिवते, दादाला म्हाईत न्हाय. तुमी सांगा. दादा रोज पडवीत बसून पोस्टमनची वाट बघतो. मी म्हणलं त्या मानसाला जातीचं लागलंय, ते असं गप बसून कसं भरून येईल, तर माझ्यावर खेकसला आन मग जेवला न्हाय. रविंद्रदादाला हिकडं पाठवा. अक्षर लागलं का ते बी कळवा. नकोशी


जळोची
१४ ऑक्टोबर १९९६

प्रिय मानसिंग,
जय भीम.

काल तुझ्याकडं होतो. तिथं जे बोलता आलं नाही ते लिहितो.

मेघनानं सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा तिच्यावरच ओरडलो. मग हंटरचं एक खोकं पिशवीत घातलं आणि बस पकडली. जंक्शनपर्यंत काय बोलायचं ते ठरवत होतो, तुझ्या दारात आल्यावर त्यातलं काही आठवलं नाही. तू म्हणालास, "बस." नकोशीताईंनी चहा आणला. त्यांनी तुला पाजला आणि मी माझा प्यालो. आपण दोघंही कपाकडं बघत नव्हतो.

गोळी घेतल्यावर अर्ध्या तासानं तू म्हणालास, उघड. इतक्या वर्षांनी आपण दोघांनी मिळून पहिलं खोकं उघडलं. इतक्या उन्हाळ्यांच्या उष्म्यानं प्लास्टिक पिवळं पडलेलं, गोंदाची ट्यूब दगडासारखी, शिक्क्यांना भेगा. तरी तुझे डोळे त्या भागांवरून असे फिरले की मी जोधपूरला आहे असं वाटलं. तू सांगत होतास, आधी मागून काप, मग पुढून, ओढू नकोस. मी कापत होतो. मग तू म्हणालास, दे इकडं. तुझा हात तेव्हा खरोखर स्थिर होता. तू विमानाचे दोन अर्धे भाग धरून उजेडात बघितलेस, फट कुठं राहते ते. आणि तेवढ्यात ते सुरू झालं. एक भाग खाली पडला. मी तो उचलला. तू म्हणालास, "बंद कर."

निघताना मी तुला जे म्हणालो ते परत घेत नाही. हाताची लाज तुला वाटली आणि तिची किंमत माझ्या जातीनं भरली. तू "व्हय" म्हणालास. दुसरं काही बोलला नाहीस, ते बरं केलंस.

माझा राग गेलाय. पण मी ही गोष्ट किती जणांना सांगितली ते मलाच माहीत नाही. आता एकेकाला गाठून सांगतो की ते तसं नव्हतं. ते ऐकून घेतात. म्हणतात, तुम्ही मनानं फार चांगले आहात. त्यांना वाटतं मी तुला माफ करून सारवासारव करतोय. माझे धाकटे चुलते तर तीच गोष्ट खरी मानून जुलैत वारले.

पुढच्या रविवारी येतो. मी कापायला शिकेन. तू नुसतं सांग.

रवी


इंदापूर
२० जानेवारी १९९७

प्रिय रवी,
जय भीम.

नकोशी लिहितेय. तिला हे लिहायचं नव्हतं, मी रागावून बसवलंय.

तू तीन महिने रविवार चुकवला नाहीस. हंटरचे दोन्ही पंख तू बसवलेस. डावा वर उचललेला आहे. ते तुला दिसतं आणि मलाही दिसतं. मी छान म्हणतो आणि तू खरं मानल्यासारखं करतोस. पूर्वी मी खाटेपलीकडून ब्लेड फेकून सांगितलं असतं, काढ ते, परत कर.

शनिवार आला की माझा हात जास्त हलतो. गोळी कधी घ्यायची म्हणजे तू येशील तेव्हा तो स्थिर असेल, याचा हिशोब करत मी रात्र काढतो. तू आल्यावर मला तुझा चेहरा दिसत नाही, तू माझा हात किती वेळा बघतोस तेवढंच दिसतं.

आता येऊ नकोस. रागानं सांगत नाही. पत्र लिही. नकोशी वाचते तेव्हा मी डोळे मिटून ऐकतो, तेव्हा बरं असतं.

मानसिंग


इंदापूर
८ नोव्हेंबर १९९८

रविंद्रदादा,
नकोशीचा नमस्कार.

तुमची समदी पत्रं वाचून दाखवली. दिशाला कॉलेजात बक्षीस मिळालं ते दोनदा वाच म्हणला. आता बोलणं मलाच कळतं, दुसऱ्याला कळत न्हाय. गिळताना ठसका लागतो, म्हणून समदं पातळ करून देते.

थोरले भाऊ बिरदेव म्हणत्यात दादाची खोली रिकामी करा, त्यांच्या पोराचं लगीन हाय. त्यांनी ट्रंका उचलून मेंढरांच्या वाड्यात नेऊन टाकल्या. तितं उंदरं हायती. दादाला कळलं ते. काल म्हणला, समदं रवीला दे. टेम्पो पाठवा. तुमी मातुर येऊ नका म्हणतो, अजून बी. मी लई सांगून बघितलं.

नकोशी


जळोची
६ डिसेंबर १९९८

नकोशीताई,
जय भीम.

या पाकिटात दुसरं पत्र आहे, ते मानसिंगला वाचून दाखवा. हे तुमच्या एकटीसाठी आहे. वाचून झालं की चुलीत घाला.

ट्रंका पोचल्या. मी आणि दिशानं उतरवून घेतल्या. उंदरांनी काही कुरतडलंय का बघावं म्हणून मी पहिल्या ट्रंकेतलं वरचं खोकं काढलं. कॅनबेरा होता. हातात घेताच आत काहीतरी खुळखुळलं. उघडलं. सगळे भाग कापून काढलेले होते. कडा चावल्यासारख्या, पंखावर ब्लेडचे ओरखडे, दोन अर्धे भाग तिरके चिकटलेले, गोंद सगळीकडं सांडलेला. सूचनांच्या कागदावर तपकिरी डाग, रक्ताचे. आणि हे सगळं कापसात गुंडाळून, झाकण लावून, बाहेरून नव्यासारखं करून ठेवलेलं. दुसरं उघडलं, तेच. मिग, नॅट, तेच. डाकोटा तर दोन निघाले, एकापाठोपाठ एक. शेवटच्या खोक्यांत कापायलाही जमलेलं नाही, नुसती प्लास्टिकची मोडतोड आहे. दिशा म्हणाली, "बाबा, पुरे." तेव्हा थांबलो.

माझी समजूत होती की आम्ही दोघं एकाच वेडानं खोकी जमवतोय, दोघंही उद्यासाठी ठेवतोय. मी ठेवत होतो. तो मात्र एक मोडलं की दुसरं आणत होता, हात परत आला का ते बघायला. मला मिग पाठवला, त्याच वेळी स्वतःसाठीही घेतला होता.

दाराआड तो काय करतो हे तुम्हाला माहीत होतं का, ते मला कळवू नका. मी उघडून बघितलं हे त्याला कळता कामा नये. खरं लपवलं की दुसऱ्या घरात काय होतं ते मी भोगलंय, तरीही सांगतो. मला हे माहीत नाही, एवढंच आता त्याच्याजवळ उरलंय. वाचताना आवाज बदलू देऊ नका. तो डोळे मिटून ऐकतो, त्याला आवाज कळेल.

आपला
रविंद्र


जळोची
६ डिसेंबर १९९८

प्रिय मानसिंग,
जय भीम.

तुझ्या ट्रंका पोचल्या. टेम्पोवाला शहाणा होता, खड्ड्यांतून सावकाश आणल्या. माझ्या भिंतीसमोरच्या भिंतीला लावल्यात, आता खोलीत माणसाला आडवं होऊनच शिरावं लागतं. मेघनानंच खाली विटा ठेवल्या, ओल लागू नये म्हणून.

इकडं थंडी सुरू झालीय. पलीकडचा ऊस तुटला, त्यामुळं मोकळं माळरान दिसतं. बँकेत नवीन साहेब आलेत. त्यांनी सगळ्यांना विचारलं, छंद काय? मी म्हणालो, काही नाही.

गोळी वेळेवर घेत जा. नकोशीताईंचं ऐकत जा.

ट्रंकांची काळजी करू नकोस. उंदीर लागलेले नाहीत, कुलपं शाबूत आहेत. मी एकही उघडली नाही.

तुझा
रवी